प्रॉम्प्टरविना साडेचार मिनिटं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरवाल्याचं, म्हणजे माड-पोफळीच्या बागायतदाराचं, हे प्रकरण आहे. वय ४४. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. नाव आणि गाव त्याच्याच इच्छेवरून दिलेलं नाही. गावात त्याला सगळे भाई म्हणतात, इथेही तेवढंच पुरे.

भाई सोळा वर्षं आमच्या जत्रेच्या नाटकात काम करतो. कार्तिकापासून गोव्यात देवळादेवळांच्या जत्रा सुरू होतात. पालखी देवळात परतली की रात्री उशिरा नाटक उभं राहतं, आणि ते मराठी असतं. घरात आम्ही कोकणी बोलतो. आरती, भजन, कीर्तन, वर्तमानपत्र आणि नाटक मराठीतलं. ज्या तालुक्यात, मंगेशीला, १९०० साली मास्टर दीनानाथ जन्मले, तिथे गावात चार नट निघणं ही नवलाई नाही. पण भाई त्या चौघांतही उजवा. ऐतिहासिक नाटकात तो मोगल सरदार म्हणून आत आला की झोपाळलेली पोरं आईच्या मांडीवरून उठून बसतात. मी निवृत्त मराठीचा शिक्षक. नाटक बसवतो आणि प्रयोगाला विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टरला बसतो. या माणसाचा श्वास कुठे अडतो आणि कुठल्या शब्दाला सुटतो, हे मला पाठ आहे.

आणि हाच माणूस स्वतःच्या नावाने चार वाक्यं बोलायला उभा राहत नव्हता. बारशाला, पालकसभेला, कोणाच्या शोकसभेला. ‘भाई, दोन शब्द बोल’ असं कोणी म्हटलं की तो मुकाट्याने बाहेर जाऊन उभा राहायचा.

नड पडली ती गावच्या तळीमुळे. आमच्याकडचे डोंगर जांभ्याचे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो डोंगरात मुरतो आणि पुढे महिनोन्‌महिने झरींवाटे पाझरत राहतो. ते पाणी तळीत, तळीतून पाटाने कुळागरात, तिथे पाळीपाळीने प्रत्येकाच्या माडाला, पोफळीला, मिरवेलीला. तळीत गाळ साचला होता आणि तो यंत्र लावून उपसायचा विषय ग्रामसभेत येणार होता. कल्पना चांगलीच होती. फक्त झरीचं तोंड तळीत नेमकं कुठल्या कोपऱ्यात आहे आणि तिथे चिकणमातीचा थर किती पातळ आहे, हे भाईच्या वडिलांनी त्याला लहानपणी पाण्यात उतरवून, पायाने चाचपायला लावून दाखवलं होतं. तिथे यंत्राचा दात लागला असता तर पाणी तळीत न थांबता खाली निघून गेलं असतं. वडील वारले. आता ती जागा जाणणारा तोच एक.

बाकीच्या बागायतदारांनी त्याला गळ घातली. तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘सर, तुमी उलयात. हांव तुमकां बरोवन दितां.’’ म्हणजे तो लिहून देणार आणि मी बोलायचं. मी नाही म्हटलं, कारण ग्रामसभेत प्रश्न येतात, आणि प्रश्नाला उत्तर लिहून आणता येत नाही. ग्रामसभेला सात आठवडे होते.

दोन आठवडे वाया गेले

पहिली चूक माझी. मी गृहीत धरलं की हा घाबरतो. मग भीतीवरचे सगळे परिचित उपाय काढले. दीर्घ श्वास, आरशासमोर सराव, मुद्देसूद लिहिलेलं भाषण. भाषण मीच लिहिलं. ‘व्यासपीठावरील आदरणीय मान्यवर आणि माझ्या ग्रामस्थ बंधु-भगिनींनो’ इथून सुरुवात, मध्ये पाण्याचं महत्त्व, एक संस्कृत सुभाषित, शेवटी कळकळीची विनंती. भाईने ते तीन दिवसांत पाठ केलं. पाठांतर त्याच्या हातचा मळ.

वाचनालयाच्या खोलीत त्याने ते म्हणून दाखवलं आणि मला समोर मोगल सरदार दिसू लागला. आवाज खर्जात, हात कमरेवर, वाक्याच्या शेवटी झोकदार थांबा. तिसऱ्या परिच्छेदाला तो आपणहून थांबला. कागद माझ्या हातात देत म्हणाला, ‘‘तो हांव न्हय, सर.’’ तो मी नव्हे.

त्या वाक्यावर मी घरी जाऊन बराच विचार केला. हा घाबरलेला माणूस नव्हता. त्याचा आवाज कापत नव्हता, पाठांतर चुकलं नव्हतं. त्याला ते आवडत नव्हतं. भीती आणि नावड या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. भीतीला ‘घाबरू नकोस’ म्हणता येतं. नावडीला तसं म्हटलं की माणसाला वाटतं, याला माझं म्हणणं ऐकूच आलेलं नाही. आणि खरंच, मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

नावड कशाची

अमेरिकेतले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅक्रॉस्की यांनी बोलण्याची धास्ती मोजायला २४ विधानांची एक प्रश्नावली केली. तिची खुबी अशी की ती बोलण्याचे चार प्रसंग वेगळे काढते: दोघांतला संवाद, छोट्या गटातली चर्चा, सभा आणि भाषण. प्रत्येकाची सहा विधानं, प्रत्येकी ६ ते ३० गुण, आणि १८च्या वर गेलं तर तिथे काही धास्ती आहे असं धरतात. मी ती विधानं त्याला आमच्या बोलीत एकेक करून विचारली, तळीच्या काठावर बसून. हे काही शास्त्रशुद्ध भाषांतर नव्हतं, त्यामुळे आकड्यांना मी प्रमाणाचं वजन देत नाही; पण उतरंड स्पष्ट होती. संवाद ९, गट १२, सभा २१, भाषण २८.

म्हणजे बोलणं त्याला जड नव्हतंच. बारा माणसांत पाण्याच्या पाळीवरून भांडण लागलं की ते मिटवायला लोक यालाच बोलावतात. जड होतं ते उभं राहून, एकट्याने, सगळ्यांनी गप्प बसून ऐकताना बोलणं. मग मी विचारलं, त्या उभं राहण्यात नेमकं काय नको वाटतं? उत्तर यायला दोन संध्याकाळी लागल्या. जे आलं ते त्याच्या क्रमाने देतो.

एक, भाषण करणारा माणूस खोटा वाटतो. जो रोज ‘कितें रे’ म्हणून हाक मारतो तोच माईक हातात आला की ‘मी आपणांस नम्रपणे सांगू इच्छितो’ म्हणतो. भाईला त्याची शिसारी होती. नाटकात आपण सोंग घेतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे फसवणूक नाही. भाषणात स्वतःचंच सोंग घ्यावं लागतं.

दोन, लोक आपल्या आत बघतील. नाटकात मिशी असते, अंगरखा असतो, मध्ये दिव्यांचा झोत असतो. ग्रामसभेत ट्यूबलाईट.

तिसरी गोष्ट त्याने सांगितली तेव्हा अंधार पडला होता. नववीत असताना मी त्याला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं होतं. भाषण मी लिहिलेलं. मध्येच तो अडला. मी विंगेतून पुढचं वाक्य सांगितलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोरं हसली. तो पुढचं बोलला, उतरला, आणि घरी जाताना ठरवलं की पुन्हा हे नाही.

मला तो प्रसंग आठवत नव्हता. आजही आठवत नाही. इतक्या वर्षांत मी कितीएक मुलांना असं वाक्य सांगितलं असेल, आणि माझ्या मनात ती मदतच होती. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘सोडा सर, तुम्ही तेव्हा वाचवलंतच मला.’’ पण तो जे बोलला आणि त्याच्या अंगाने जे लक्षात ठेवलं, ते वेगळं होतं. जत्रेच्या नाटकात सोळा वर्षं मी विंगेत लागतो, संहिता उघडी लागते. त्या एका दिवसाशी त्याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

जिना, आणि एक मोडलेली पायरी

उरलेल्या पाच आठवड्यांत जे केलं त्याचं मूळ जुनं आहे. जोसेफ वोल्प या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ साली मांडलेल्या पद्धतीत अवघड प्रसंगांची सोप्याकडून कठीणाकडे उतरंड लावतात आणि एकेक पायरी चढतात. गॉर्डन पॉल यांनी १९६६ साली ही पद्धत भाषणाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवरच तपासली, आणि मनाचा तळ शोधत बसणाऱ्या उपचारापेक्षा ती सरस ठरली. वोल्पचीच शून्य ते शंभर ही अस्वस्थतेची मोजपट्टी आम्ही वापरली. फक्त भाईने ‘किती भीती वाटते’ऐवजी ‘किती नको वाटतं’ असा प्रश्न करून घेतला. तो बदल मला फार मोलाचा वाटतो.

पहिली पायरी: पाटाच्या कडेने चालता चालता मला तळीबद्दल सांगायचं. नको वाटणं १०. त्या चालण्यात त्याने जे सांगितलं ते मी फोनवर ध्वनिमुद्रित केलं, त्याला विचारून. ते ऐकताना कळलं की भाषण तयार आहे. ‘मे महिन्यात दुपारी तळीत उतरा आणि डाव्या कोपऱ्यात पाय ठेवा. सगळीकडे पाणी कोमट, तिथे थंड. ती झर.’ माझ्या सुभाषितापुढे हे वाक्य हजारपटीने वरचं होतं, आणि मी आयुष्यभर मुलांकडून सुभाषितंच पाठ करून घेतली.

दुसरी पायरी: हेच चार शेजाऱ्यांना, तळीपाशी. २५. तिथे तो उभा होता, ते बसले होते, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तिसरी पायरी मोडली. सोमवारच्या भजनानंतर, आरती झाल्यावर, श्रमदानाची सूचना त्याने सांगायची होती. तीन वाक्यं. मी भजनी मंडळातल्या दोघांना आधी कानात सांगून ठेवलं की आज भाई बोलणार, जरा सांभाळून घ्या. त्यातल्या एकाने आरती संपताच ‘बसा, बसा, भाई बोलतलो!’ अशी घोषणा केली. भाई तीर्थप्रसाद घेऊन बाजूच्या दाराने निघून गेला आणि चार दिवस माझा फोन घेतला नाही. चूक पुन्हा तीच. मी पुन्हा विंगेतून बोललो होतो. तेव्हापासून ठरलं की पायरी कुठली आणि कधी, हे तो ठरवणार, आणि मला आधी सांगायचं की नाही तेही तोच ठरवणार. आठवडाभराने त्याने ती सूचना सांगून टाकली. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

याच दिवसांत ‘लोक आपल्या आत बघतील’ या मुद्द्यावर आम्ही काम केलं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की बोलणाऱ्याला आपली घालमेल जितकी उघडी पडली असं वाटतं तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधी सांगितली ते जास्त चांगलं बोलले. नुसतं सांगून भाईचं समाधान होईना. मग नाटकाच्या तालमीआधी, रंग न लावता, सात-आठ जणांपुढे तो पाच मिनिटं बोलला आणि आम्ही त्याचं चित्रण केलं. बघण्याआधी त्याच्याकडून लिहून घेतलं की काय काय दिसेल असं वाटतं. त्याने लिहिलं: हात थरथरतो, मान लाल, तीनदा अडलो. मग सांगितलं, हा कुणी परगावचा माणूस आहे असं समजून बघ. हात थरथरताना दिसला नाही. मान ट्यूबलाईटखाली सगळ्यांची असते तशीच. अडला होता एकदा, आणि ते थांबणं बघताना विचार करणाऱ्या माणसाचं वाटत होतं. लिहून घेण्याची पायरी गाळू नये. अंदाज आधी कागदावर नसला तर माणूस चित्रणातही आपल्याला हवी तीच थरथर शोधून काढतो.

धडधडीचं काय करायचं, हेही त्याने विचारलं. त्याच्या एका चुलतभावाने मुलाखतीआधी गोळी घेतली होती. त्या गोळ्या बीटा-ब्लॉकर वर्गातल्या. हृदयाची गती उतरवतात, पण दम्याच्या माणसाला त्या घातक ठरू शकतात. भाईला पावसाळ्यात धाप लागते, त्यामुळे मी विषय तिथेच थांबवून डॉक्टरांकडे बोट दाखवलं. त्याने गोळी घेतली नाही. मग मी विचारलं, नाटकाचा पडदा वर जाण्याआधी धडधडत नाही? ‘‘धडधडतं की. पण ती नाटकाची धडधड.’’ छाती तीच, ठोके तेच, नाव वेगळं. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ सालचा अभ्यास हेच सांगतो: भाषणाआधी स्वतःला ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस झाली. भाईने हुरूप हा शब्द घेतला नाही. तो म्हणाला, ‘‘तिसरी घंटा झाली असं समजेन.’’

भाषेचा प्रश्न आपोआप सुटला. मी मानलं होतं की चारचौघांत बोलायचं तर ग्रांथिक मराठीत. त्याने आपल्या सवयीचं मिश्रण ठेवलं: तळीचं, पाटाचं कोकणीत, मोजमापं आणि ठरावातला बदल मराठीत. ‘आदरणीय व्यासपीठ’ काढून टाकलं. मराठीच्या शिक्षकाला हे सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या शब्दांत माणूस शेजाऱ्याला खरं सांगतो ते शब्द सोडायला लावले की तो खोटा वाटू लागतो, आधी स्वतःला आणि मग ऐकणाऱ्यांना. भाईची शिसारी त्याच जागेची होती.

तो रविवार

ग्रामसभेला साठ-सत्तर माणसं असतील. त्याचा विषय चौथा होता. आधीचे तीन विषय रेंगाळले, रस्त्याच्या दिव्यांवरून आवाज चढले. वाट बघणं हीच सगळ्यात वाईट पायरी निघाली. ती आम्ही उतरंडीत धरलीच नव्हती. पुढे हे कोणी करणार असेल तर तेवढा बदल जरूर करावा.

मी तिसऱ्या रांगेत होतो. मुद्दाम हातात कागद घेतला नव्हता.

तो उठला. माईक त्याने आधी फार लांब धरला, मागून ‘वयर धर’ असा आवाज आला, त्याने वर धरला. ‘‘मे महिन्यात दुपारी तळीत उतरा,’’ इथून सुरुवात केली. झरीची जागा सांगितली. तळीच्या पायऱ्यांपासून किती हात, कुठल्या कोपऱ्यात, थर किती वीत जाड. मग सांगायचं होतं की तेवढा कोपरा सोडून बाकी यंत्र चालू द्या, आणि कोपऱ्यातला गाळ आम्ही बारा जण घमेल्यांनी काढतो. त्या वाक्याआधी तो अडला.

शांतता पसरली. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. ते माझ्या तोंडात आलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, सोळा वर्षांची सवय ती. मी मान खाली घातली आणि चपलांकडे बघत राहिलो. आयुष्यात इतकं अवघड मौन मी पाळलेलं नाही.

‘‘रावात,’’ तो म्हणाला. थांबा. कोणाला म्हणाला ठाऊक नाही. मग म्हणाला, ‘‘तो कोपरा आमचेर सोडात. आमी हातांनी काडटात.’’ तयारीतल्यापेक्षा वाक्य आखूड होतं.

दोन प्रश्न आले. एका पंचाने विचारलं, हाताने काढायला किती दिवस? भाईने उत्तर दिलं. दुसऱ्याने जरा खवचटपणे विचारलं, झर तिथेच आहे याला पुरावा काय? भाई म्हणाला, उद्या सकाळी या, पाय ठेवून बघा. लोक हसले, आणि ते हसणं त्याच्या बाजूचं होतं. एकूण साडेचार मिनिटं. कोपरा वगळण्याची दुरुस्ती इतिवृत्तात नोंदली गेली. सोमवारी सकाळी तो पंच खरंच आला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

पुढे

दोन महिन्यांनी मी तेच २४ प्रश्न पुन्हा विचारले. सभा १४, भाषण २२. म्हणजे सभेतलं बोलणं त्याच्या हाताशी आलं. भाषण अजून १८च्या वर आहे. ‘किती नको वाटतं’ या पट्टीवर ग्रामसभेआधी ८५ होतं, आता ६०. आवडू लागलंय का, असं विचारल्यावर तो स्वच्छ ‘ना’ म्हणाला. हे प्रकरण इथे लिहिण्याजोगं मला वाटलं ते या उत्तरामुळेच. भाषणाचे वर्ग चालवणारे पुष्कळदा गोडी लागण्याचं वचन देतात, आणि ज्याला गोडी लागत नाही तो स्वतःला नापास समजतो. भाईला गोडी लागली नाही. त्याला जे सांगायचं होतं ते तो सांगू शकला. एप्रिलमध्ये पाळीच्या वादावर तो पुन्हा उभा राहिला, कोणी न सांगता.

माझ्या नाटकाच्या कामात एक बदल झाला आहे. तालमीत नट अडला की मी मनात पाच आकडे मोजतो आणि मगच तोंड उघडतो. पाचाच्या आत बहुतेकांना वाक्य सापडतं. नवीन पोरांना हे आवडत नाही, त्यांना लगेच हवं असतं.

या वर्षी जत्रेच्या नाटकाआधी समितीने भाईला सांगितलं की ग्रामसभेत इतकं छान बोललास, तर मध्यंतरात देणगीदारांचे आभार तूच मान. तो रंगपटात दाढी चिकटवत होता. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘तें तुमी करात, सर. थंय म्हाका सांगपासारकें कांय ना.’’ तिथे मला सांगण्यासारखं काही नाही.

मध्यंतरात आभार मी मानले. तिसरी घंटा झाल्यावर विंगेत जाऊन बसलो आणि संहिता उघडली.